डोळा, विचार आणि लेखणी

सिल्वासा येथील एका कुटुंबप्रमुखांनी या स्तंभाकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांची कन्या यंदा बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिला तत्त्वज्ञान हा विषय घेऊन पदवी मिळवावयाची आहे. हाती आलेल्या कॅमेऱ्याने ती दमणगंगेचे काठ, खानवेलकडील डोंगर आणि पावसाळ्यातील भातखाचरे टिपीत असते. आणि रात्री वहीत काही ना काही लिहीत बसते. या तिन्ही गोष्टींची सांगड घालून त्यांवरच आयुष्य उभारावे, असे तिने घरात बोलून दाखविले आहे. वडील कारखान्यात नोकरीस आहेत. ते लिहितात, ‘दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याचे काय होते हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, ही पोर तर तिसरी डगरही शोधून आली आहे. तिला अडवावे की जाऊ द्यावे?’

वाचकहो, हा प्रश्न एका घरातून आला असला तरी तो आज अनेक घरांत दबल्या आवाजात विचारला जात असला पाहिजे. आईबापांची काळजी खोटी नाही. ज्या घरात महिन्याच्या पगारावर किराणा, शाळेची फी आणि आजारी माणसाचे औषध अवलंबून असते, तेथे ‘मी डोंगरांची छायाचित्रे काढीन आणि लिहीन’ हे वाक्य ऐकून छातीत धस्स होणे स्वाभाविक आहे. म्हणून उत्तेजनाचे चार गोड शब्द लिहून मोकळे होणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तसेच नुसती भीती घालणेही नव्हे. या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न गुंतलेले आहेत. तत्त्वज्ञान, निसर्गाचे छायाचित्रण आणि लेखन ही खरोखरच तीन निरनिराळी कामे आहेत काय, हा पहिला. आणि त्यांवर पोट भरते काय, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे स्वतंत्रपणे द्यावयास हवीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सिल्वासाच्या माणसाला दूर जावे लागत नाही. खानवेलच्या पुढे दुधनी येथे जो विस्तीर्ण जलाशय आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावलेली दमणगंगा मधुबन येथील धरणाने अडविली आहे, आणि तिचे पाणी मागे डोंगरांच्या कुशीत पसरले आहे. पावसाळा सरल्यावर, हवा धुतल्यासारखी स्वच्छ झालेली असताना, त्या पाण्यात हिरव्या टेकड्यांची प्रतिबिंबे पडतात. प्रवासी येतात, शिकाऱ्यात बसून फिरतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. कोणीही काढले तरी तेथील छायाचित्र सुंदरच येते.

तथापि, हा जलाशय पूर्वापार तेथे नव्हता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात धरणाचे काम झाले, पाणी चढले, आणि या खोऱ्यातील आदिवासी कुटुंबांची शेते व घरे त्याखाली गेली. माणसांना उठून दुसरीकडे वसावे लागले. त्याच पाण्याने खालच्या अंगाच्या शेतांना कालवे दिले, आणि सिल्वासा, वापी व दमण येथील घरांना व कारखान्यांना पाणी पुरविले. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची रोजीही एका अर्थी त्या पाण्याशी बांधलेली आहे.

आता विचार करा. कॅमेऱ्याला पाणी दिसते. पाण्याखालचे शेत दिसत नाही. ते दाखविण्यास लेखणी हवी. जो मनुष्य तेथील वृद्धांपाशी बसून, कोणाचे खाचर कोठे होते, कोणत्या झाडाखाली देव होता, हे विचारून लिहून ठेवील, त्यालाच छायाचित्राची उरलेली अर्धी बाजू देता येईल. परंतु एवढ्यानेही काम पुरे होत नाही. एका गावाचे नुकसान आणि दहा गावांचा लाभ यांची तुलना करता येते काय? ज्याच्या तळाशी कोणाचे घर आहे त्या दृश्याला सुंदर म्हणणे योग्य आहे काय? की सौंदर्य आणि न्याय या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंधच नाही? हे प्रश्न कॅमेरा सोडवीत नाही, आणि केवळ माहिती गोळा करणारी लेखणीही सोडवीत नाही. त्यांसाठी विचाराची शिस्त लागते, आणि त्या शिस्तीलाच तत्त्वज्ञान म्हणतात. म्हणजे दुधनीच्या एका चित्रापुरती ही तीन कामे तीन राहिलीच नाहीत. पाहणे, समजून घेणे आणि सांगणे या एकाच कामाच्या तीन पायऱ्या झाल्या.

हे आम्ही कल्पनेने रचून सांगत नाही. ज्यांनी हे आयुष्यभर केले अशी माणसे होऊन गेली आहेत. त्यांपैकी दोघांची ओळख येथे करून देतो. एक आपल्या महाराष्ट्रातले, तर दुसरे दूरदेशीचे एक कॅथोलिक संन्यासी. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. म्हणूनच त्यांच्यातील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

गोपाळ नीलकंठ दांडेकर, ज्यांना महाराष्ट्र ‘गोनीदा’ म्हणून ओळखतो, यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. शाळकरी वयातच स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने त्यांनी घर आणि शाळा दोन्ही सोडली. पुढे ते गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले. वेदान्ताचा अभ्यास केला. नर्मदेची परिक्रमा पायी केली. १९४७ च्या सुमारास त्यांनी लेखणीवर जगण्याचा निश्चय केला आणि तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड थाटले. कादंबऱ्या, चरित्रे, मुलांची पुस्तके, प्रवासवर्णने असे विपुल लेखन त्यांच्या हातून झाले. ‘स्मरणगाथा’ या त्यांच्या आत्मकथनास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

ही झाली चरित्राची तोंडओळख. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गोनीदा उभ्या आयुष्यात सह्याद्रीचे किल्ले पायी हिंडले. एकदा पाहून ‘झाला’ अशी खूण करण्यासाठी नव्हे, तर त्याच गडावर पुनःपुन्हा, निरनिराळ्या ऋतूंत जात राहिले. जाताना कॅमेरा बरोबर असे. त्यांनी टिपलेली दुर्गांची छायाचित्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. ‘किल्ले’, ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही त्यांची पुस्तके त्या पायपिटीतूनच जन्मली. आणि कादंबऱ्यांतही डोंगर नुसते पडद्यासारखे मागे उभे राहिले नाहीत. ‘माचीवरला बुधा’ ही राजमाचीच्या परिसरातली कथा आहे; मुंबई सोडून आपल्या डोंगरावर परतलेल्या एका म्हाताऱ्याची. ‘जैत रे जैत’ मध्ये ठाकर लोकांची वस्ती, त्यांचा डोंगर आणि त्यावरील मधमाश्या आहेत. तिच्यावरून १९७७ साली निघालेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी तर भाक्रा धरणाच्या उभारणीवर आहे. धरण हा साहित्याचा विषय होऊ शकतो काय, असे ज्यांना वाटते त्यांनी ती अवश्य पाहावी.

गोनीदांच्या बाबतीत तत्त्वज्ञान कोठे आहे, असे कोणी विचारील. त्यांनी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद भूषविले नाही. परंतु वेदान्ताचे अध्ययन आणि संतवाङ्मयाचे मनन यांनी त्यांच्या दृष्टीला एक वळण लावले होते. दगड, झाड, पाखरू आणि मनुष्य यांच्यात एकच चैतन्य वावरते या श्रद्धेने जो डोंगराकडे पाहतो, त्याला बुधासारख्या एकट्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या भोवतालच्या झाडापाखरांची कथा सांगण्याजोगी वाटते. इतरांना तेथे काही घडतच नाही असे वाटले असते. विचार हा येथे पुस्तकात वेगळा छापलेला नाही. काय पाहावयाचे आणि कशापाशी थांबावयाचे हे त्याने ठरविले आहे.

आता दुसऱ्या गृहस्थांकडे वळू. थॉमस मर्टन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१५ रोजी फ्रान्समध्ये झाला. वडील निसर्गदृश्ये रंगविणारे चित्रकार होते. आई लहानपणीच वारली. मुलगा सोळा वर्षांचा होण्यापूर्वीच वडीलही गेले. इंग्लंडमध्ये आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असता या तरुणाच्या वाचनात संत थॉमस अक्वायनस यांचा कलाविषयक विचार आला. ब्लेक या कवीच्या काव्यातील निसर्ग आणि कला या विषयावर त्यांनी आपला प्रबंध लिहिला. १९३८ साली त्यांनी कॅथोलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला, आणि १० डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात गेथसेमनी येथील ट्रॅपिस्ट मठात प्रवेश केला. मौन, प्रार्थना आणि अंगमेहनत हा त्या मठाचा नियम. तेथे राहूनच त्यांनी लिहिलेले ‘सेव्हन स्टोरी माउंटन’ हे आत्मकथन १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले.

कॅमेरा त्यांच्या हाती बऱ्याच उशिरा आला. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, मठाच्या रानात एकांतवासासाठी बांधलेल्या लहानशा घरात ते राहू लागले, तेव्हा मित्रांनी उसन्या दिलेल्या कॅमेऱ्यांनी ते छायाचित्रे काढू लागले. त्या मित्रांपैकी जॉन हॉवर्ड ग्रिफिन हे लेखक आणि छायाचित्रकार होते. या ग्रिफिन यांची हकीकत मोठी विलक्षण आहे. महायुद्धात झालेल्या इजेमुळे त्यांची दृष्टी गेली, सुमारे दहा वर्षे ते अंध होते, आणि १९५७ साली त्यांना पुन्हा दिसू लागले. दहा वर्षे अंधारात काढलेल्या मनुष्याने मर्टन यांच्या हाती कॅमेरा ठेवला.

मर्टन यांनी त्या कॅमेऱ्याने काय टिपले? उघडी पडलेली झाडाची मुळे, दगड, जुनी खुर्ची, गाडीचे चाक, भिंतीवर पडलेले ऊन. ज्याला आपण ‘देखावा’ म्हणतो तसे त्यांत फारसे काही नाही. परंतु ती छायाचित्रे पाहताना मनुष्याचा श्वास संथ होतो, कारण ती काढणाऱ्याला कोठेही जाण्याची घाई नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर ग्रिफिन यांनी १९७० साली त्या छायाचित्रांचे जे पुस्तक काढले, त्याच्या नावाचा मराठी अर्थ ‘लपलेली अखंडता’ असा होतो.

हे मर्टन १९६८ साली आपल्या भारतात आले होते. कलकत्ता, दिल्ली, धरमशाला, दार्जिलिंग आणि मद्रास असा त्यांचा प्रवास झाला. धरमशालेस त्यांनी दलाई लामा यांची तीनदा भेट घेतली. दार्जिलिंगजवळ चहाच्या एका मळ्यावर मुक्काम असताना समोर कांचनजंगा होते, आणि हातात कॅमेरा. तेथे त्यांच्या मनात जे द्वंद्व चालले ते त्यांनी दैनंदिनीत लिहून ठेवले आहे. चित्रपत्रांवर सहस्र वेळा छापलेल्या त्या पर्वताचा त्यांना प्रथम कंटाळाच आला. मग एका रात्री स्वप्नात तोच पर्वत पलीकडून दिसला, आणि त्यांच्या ध्यानात आले की प्रत्येक पर्वताला अशी एक बाजू असते जी चित्रपत्रावर कधीच आलेली नाही, आणि पाहण्यासारखी बाजू तीच होय. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १० डिसेंबर १९६८ रोजी, बँकॉकजवळ विजेच्या पंख्याच्या धक्क्याने त्यांचा आकस्मिक अंत झाला. मठात पाऊल टाकल्यास त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. त्यांची आशियातील दैनंदिनी १९७३ साली प्रसिद्ध झाली.

कांचनजंगेची पलीकडची बाजू आणि दुधनीच्या पाण्याखालचे शेत या दोहोंत मोठे अंतर आहे. परंतु शिकवण एकच आहे. जे सर्वांना दिसते तेथेच थांबू नये.

येथे संत थॉमस अक्वायनस यांच्या एका विचाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तेराव्या शतकातील या महान तत्त्ववेत्त्याने सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली: पूर्णता, सुसंगती आणि तेज. जी वस्तू अपुरी आहे ती तेवढ्यापुरती कुरूप, असे ते म्हणतात. आता ही तीन लक्षणे छायाचित्राला लावून पाहा. सुसंगती, म्हणजे चित्रातील भागांचा मेळ, ही कसबाची गोष्ट आहे; ती शिकता येते. तेज, म्हणजे प्रकाश, हाही पहाटे उठण्याच्या सवयीने बराचसा हाती लागतो. परंतु पूर्णता? ज्या रानाच्या चित्रात त्या रानात राहणाऱ्या माणसाचा मागमूस नाही, ते चित्र कितीही रेखीव असले तरी पूर्ण म्हणता येईल काय?

या बाबतीत आपले वारली शेजारी आपल्या पुढे आहेत. त्यांच्या चित्रांत डोंगर आहे, झाड आहे. परंतु नुसता रिकामा डोंगर क्वचितच सापडेल. तेथे पेरणी चाललेली असते, कोणी गुरे राखीत असतो, तारप्याभोवती फेर धरलेला असतो, मुंग्यांची रांगसुद्धा आपल्या कामात असते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी हीच परंपरा जगापुढे नेली आणि २०११ साली ते पद्मश्री झाले. भूमी आणि तिच्यावर जगणारे यांची फारकत करावयाची नाही, हा त्या चित्रांमागचा विचार कोणी ग्रंथात लिहून ठेवला नव्हता, तरी तो विचारच आहे. सिल्वासाच्या कन्येला तत्त्वज्ञानाचा पहिला पाठ हवा असेल, तर तो घराच्या इतक्या जवळ उपलब्ध आहे.

आता दुसरा, आईबापांच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न. यावर पोट भरते काय?

सरळ उत्तर असे की, केवळ यावर, आणि सुरुवातीपासून, बहुधा भरत नाही. निसर्गाची छायाचित्रे आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहेत. ज्याची रेलचेल असते त्याला भाव येत नाही. शिवाय आता संगणकाची यंत्रणा अशी निघाली आहे की, कोणीही न पाहिलेला, पृथ्वीवर नसलेला डोंगरही ती क्षणात हुबेहूब काढून देते. केवळ डोळ्यांना गोड वाटणारे चित्र विकून जगण्याची आशा यापुढे धरू नये. मात्र त्यामुळेच एका वेगळ्या चित्राचे मोल वाढले आहे. हे चित्र अमुक गावचे, अमुक दिवशीचे, येथे अमुक घडले होते, आणि मी तेथे उभी राहून हे पाहिले, असे जबाबदारीने सांगणाऱ्या साक्षीदाराचे चित्र यंत्राला काढता येत नाही. लेखन आणि विचार यांची जोड नसलेला छायाचित्रकार आज दुबळा आहे. ती जोड असलेल्याला काम मिळण्याची आशा आहे. परंतु ती आशा फळास येण्यास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत चूल पेटली पाहिजे.

ज्यांची नावे आदराने घेतली जातात त्यांनी ती कशी पेटविली हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेचे विख्यात निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) यांच्या डोंगरांच्या छायाचित्रांनी लोकमत जागे केले. किंग्ज कॅनियनचे राष्ट्रीय उद्यान १९४० साली अस्तित्वात येण्यास त्यांचे मोठे साहाय्य झाले. हेच ॲडम्स पुष्कळ वर्षे व्यापारी कंपन्यांसाठी सांगितलेली कामे करून घर चालवीत होते. आपले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी अरण्याविषयी मराठीत जे अपूर्व लेखन केले, ते वनखात्यात तीन दशकांहून अधिक काळ नोकरी करता करता. वनात राहणाऱ्यांच्या तोंडून झाडांची व पाखरांची नावे त्यांनी गोळा केली, आणि नोकरीच त्यांचे विद्यापीठ झाली. ‘रानवाटा’ लिहिणारा हा वनाधिकारी २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. व्यंकटेश माडगूळकर उत्तम लेखक, शिकारी आणि रेखाचित्रकार. त्यांची कित्येक वर्षे पुण्याच्या आकाशवाणीत गेली. मर्टन यांचा प्रश्न मठाने सोडविला होता. दारिद्र्याचे व्रत घेतल्यामुळे पुस्तकांचे उत्पन्नही त्यांचे स्वतःचे नव्हते. गोनीदांनी मात्र लेखणीवर संसार चालविला. पण त्यासाठी त्यांना किती लिहावे लागले हे त्यांच्या ग्रंथांची यादी पाहिली म्हणजे कळते. त्यांनी शाळा सोडली म्हणून आपणही सोडावी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. त्यांचा काळ वेगळा होता, आणि त्या त्यागाची किंमत त्यांनी पायपिटीत आणि उपासमारीत मोजली.

तात्पर्य, डोळा, विचार आणि लेखणी ही एकच वाट. परंतु भाकरीची सोय ही स्वतंत्र चौथी गोष्ट आहे, आणि तिचा विचार मुलीने स्वतः करावा. आईबापांनी तिला याच जागी कठोर प्रश्न विचारावेत. ‘तू हे करू नकोस’ असे सांगू नये. ‘पहिली सात-आठ वर्षे तू काय कमावशील, आणि ते काम या वाटेला पोषक कसे होईल?’ असे विचारावे. शिक्षकाची नोकरी, ग्रंथालयातील काम, वृत्तपत्रातील वार्ताहरकी, संग्रहालयातील नोंदणीचे काम, एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी अहवाल लिहिणे व त्यासाठी छायाचित्रे काढणे, लग्नसमारंभांची छायाचित्रे घेणे हीसुद्धा सर्व सन्माननीय कामे आहेत. लग्नाची छायाचित्रे काढण्यात कमीपणा मानणाऱ्या छायाचित्रकाराने माणसांचे चेहरे वाचण्याची एक चांगली शाळा गमावली, असेच आम्ही म्हणू.

शिक्षणाबद्दल थोडेसे. तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्याने नोकरी मिळत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. त्या पदवीच्या बळावर अध्यापनाचे प्रशिक्षण घेता येते, स्पर्धापरीक्षांना बसता येते, आणि मुख्य म्हणजे युक्तिवाद तपासण्याची व स्पष्ट लिहिण्याची सवय लागते. ती कोणत्याही कचेरीत उपयोगी पडते. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग आहेत. छायाचित्रणासाठी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयांची परंपरा आहे, आणि गुजरातेत राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. सिल्वासाहून ही सर्व ठिकाणे रेल्वेने एका दिवसाच्या प्रवासात येतात. तेव्हा पदवी तत्त्वज्ञानाची, हात कॅमेऱ्याचा आणि वही रोजची, हा क्रम आम्हांस सुज्ञपणाचा वाटतो.

कन्येलाही चार शब्द सांगावेसे वाटतात. बाळ, तू एक जागा निवड. काश्मीर वा हिमालय नको. दमणगंगेचे एक वळण, किंवा साकरतोड नदीचा एक उतार पुरे. वर्षभर, निदान पंधरवड्यातून एकदा, तेथे जा. चैत्रातले तापलेले दगड, मृगाचा पहिला पाऊस, श्रावणातला चिखल, कार्तिकातले कापणीला आलेले भात, माघातले ओसरलेले पाणी हे सारे त्याच ठिकाणाहून पाहा. प्रत्येक वेळी छायाचित्रे थोडी काढ. पण दिवस, वेळ, हवा आणि भेटलेले मनुष्य यांची नोंद वहीत कर. तेथल्या प्रत्येक झाडाला आणि टेकडीला वारली, कोकणा आणि धोडिया लोक काय म्हणतात ते विचारून घे. नाव ठाऊक झाल्यावाचून मनुष्य झाड नीट पाहत नाही. कोणाचेही छायाचित्र त्याला विचारल्यावाचून काढू नकोस, आणि काढलेस तर छापील प्रत त्याच्या घरी नेऊन दे. गरिबाच्या चेहऱ्यावर आपली कीर्ती उभारणे हा चोरीचाच एक प्रकार आहे, मग त्याला कला हे नाव का दिलेले असेना.

आणि जे अप्रिय आहे तेही चित्रातून गाळू नकोस. तुझ्या गावात १९५४ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांत रान, कारखाने, धरण, आणि कामासाठी देशभरातून आलेली माणसे असे कितीतरी थर या छोट्याशा प्रदेशावर चढले. तुझ्या वडिलांचा कारखानाही या भूदृश्याचाच भाग आहे. त्याची भिंत चुकवून मागचा डोंगर तेवढा टिपणे सोपे आहे. ती भिंत, पाळी संपवून बाहेर पडणारी माणसे आणि मागचा डोंगर हे तिन्ही एका चित्रात बसविणे अवघड आहे; आणि त्याखाली चार खऱ्या ओळी लिहिणे त्याहून अवघड. ते जमू लागले की तुझे शिक्षण सुरू झाले असे समज.

शेवटी वडिलांना उत्तर. आपण विचारलेत, अडवावे की जाऊ द्यावे? आमचे मत असे की, तिला अडवू नये आणि तूर्त घराबाहेरही धाडू नये. एक वर्षाची मुदत द्यावी. तिने जवळच्या महाविद्यालयात वा दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यास सुरू करावा, वर सांगितल्याप्रमाणे एका जागेचे वर्ष पुरे करावे, आणि आपला वरखर्च भागेल एवढे काही काम धरावे. नवा भारी कॅमेरा या वर्षात घेऊ नये. आहे त्याच्यावर भागवावे. वर्ष संपल्यावर कुटुंबातील सर्वांनी एका रविवारी दुपारी बसून ती वही आणि ती छायाचित्रे पाहावीत. वही मध्येच थांबलेली असेल, तर हौस होती असे मुलीला स्वतःलाच कळेल, कोणी रागावण्याची गरज पडणार नाही. वही भरलेली असेल, तर पुढच्या दोन वर्षांच्या फीची तजवीज कशी करावयाची या गोष्टीकडे आपण सर्वांनी मिळून वळावे.

आणखी एक विनंती. ती नदीवर जाईल तेव्हा एखाद्या सुटीच्या दिवशी आपणही तिच्याबरोबर जा. पाणी चढण्यापूर्वीचे ते खोरे ज्यांनी पाहिले आहे अशी माणसे आपल्या ओळखीत असतील, आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्या दारात एकटी मुलगी गेली तर ती संकोचतील. आपण बरोबर असलात तर बोलतील.